मूळ नियम हरवतात तेव्हा

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात राजर्षी शाहू महाराजांचा एक हुकूम प्रसिद्ध झाला. संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागांवर मागासलेल्या वर्गांतील उमेदवार नेमावेत, असा तो हुकूम होता. महाराज स्वतः तेव्हा विलायतेत होते. हुकमाचा परिणाम काय होतो हे कळावे म्हणून प्रत्येक खातेप्रमुखाने तिमाही तक्ता पाठवावा, अशीही त्यात तजवीज होती. नियम एका जागी लिहायचा, सर्वत्र पोचवायचा आणि तो पाळला जातो की नाही ते पाहायचे, अशी ही तीन कामे. सुमारे शंभर वर्षांनी संगणकांच्या जाळ्यालाही हीच कामे करावी लागली. त्या इतिहासाकडे आपण वळू.

शाळेत चार संगणक असले तर शिक्षक प्रत्येकापाशी जाऊन पासवर्डचे नियम ठरवू शकतील. चाळीस असले तर ते जमत नाही. १९९६ साली आलेल्या विंडोज एनटी ४ मध्ये यासाठी सर्व्हरवर नियमांची एक फाइल ठेवता येत असे. मात्र तिच्यात एक खोड होती. नियम संगणकाच्या अंतर्गत नोंदवहीत कायमचा उतरे आणि सर्व्हरवरून काढला तरी तिथे तसाच राही. तंत्रज्ञ याला 'गोंदण' म्हणत. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बरोबर 'ग्रुप पॉलिसी' आली आणि हे गोंदण बरेचसे संपले. नियमांसाठी नोंदवहीत वेगळी जागा ठरली. संगणक साधारण दर दीड तासाने सर्व्हरकडे नव्या नियमांची चौकशी करू लागले.

असे जाळे, म्हणजे डोमेन, उभारताच दोन नियमसंच आपोआप तयार होतात. पहिला संपूर्ण डोमेनचा. पासवर्ड किती अक्षरी असावा, किती दिवसांनी बदलावा हे त्यात असते. दुसरा मुख्य सर्व्हरांचा. त्यांवर कोणाला कोणते अधिकार, हे तो ठरवतो. जगातल्या प्रत्येक डोमेनमध्ये या दोन संचांचे ओळखक्रमांक तेच असतात.

प्रत्येक संचाचे दोन भाग असतात. एक सर्व्हरच्या माहितीकोशात, दुसरा 'सिसव्हॉल' नावाच्या फोल्डरात. कोणी 'नको असलेले' समजून ते फोल्डर पुसले, किंवा सर्व्हरांमधील नकलांची देवाणघेवाण बिघडली, की कोशात नाव उरते आणि मजकूर नाहीसा होतो. संगणक नियम मागतात, पण त्यांना ते मिळत नाहीत.

विंडोज सर्व्हर २००३ बरोबर यावर 'डीसीजीपीओफिक्स' ही आज्ञा आली. ओळखक्रमांक ठरलेले असल्यामुळे ती दोन्ही संच पुन्हा त्याच ओळखीने घडवते. पण ती देते ते जाळ्याच्या जन्मदिवसाचे नियम. आपण पासवर्डची लांबी सातावरून बारा अक्षरे केली असेल, तर ती पुन्हा सात होते. एखाद्या आज्ञावलीसाठी नंतर दिलेले अधिकारही जातात. वरवर सारे सुरळीत दिसते, आणि गुणपत्रके ठेवलेल्या सर्व्हरचे कुंपण मात्र नकळत बुटके झालेले असते.

म्हणून आम्ही क्रम असा सुचवू. प्रथम दुसऱ्या मुख्य सर्व्हरवर ते फोल्डर शाबूत आहे का, ते पाहावे. नसल्यास बॅकअपमधून नियम परत आणावेत. २००३ पासून त्यासाठी स्वतंत्र साधन उपलब्ध आहे. ही आज्ञा अगदी शेवटी वापरावी, आणि वापरल्यावर आपले बदल वहीतून पाहून पुन्हा घालावेत. याचा अर्थ अशी वही आधीपासून असायला हवी: कोणता नियम, केव्हा, का बदलला. शाळेचे नियम या दोन मूळ संचांत न घालता वेगळ्या संचात ठेवले तर आणखी बरे, कारण ही आज्ञा इतर संचांना हात लावत नाही.

वही आणि बॅकअप कोठे ठेवायचे, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते. तळमजल्यावरच्या सर्व्हरशेजारीच त्याची प्रत ठेवली तर दोन्ही एकदमच बुडतील. एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक दुसऱ्या इमारतीत असावी. १९०२ चा तो हुकूम आज आपल्याला जसाच्या तसा वाचता येतो, कारण तो गॅझेटात छापला गेला आणि त्या प्रती कोणीतरी जपल्या. आपल्या प्रयोगशाळेच्या नियमांसाठी ते काम शाळेतल्याच कोणाला तरी करावे लागेल.