देहस्वीकार आणि समूहशक्ती : ताराबाई शिंदे ते हेरवाड

प्रस्तावना :

‘डाएट’ हा शब्द आता महानगरांपुरता राहिलेला नाही. संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थिनींच्या बोलण्यातही तो सहज येतो. लग्न जमावे म्हणून मुलीने एक वेळचे जेवण सोडले, तर घरातही त्याचे कौतुक होते. वास्तविक, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. स्त्रीने किती खावे आणि तिचा देह कसा दिसावा, हे इतरांनी ठरविण्याची प्रथा जुनी आहे. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या समूहांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विधवेचा देह व आहार :

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः ब्राह्मण कुटुंबांत, विधवेचे केशवपन केले जाई. तिने दिवसातून एकदाच जेवावे, मंगलप्रसंगी समोर येऊ नये, असा दंडक होता. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या स्थितीचे वर्णन केले. विधवेने आकर्षक दिसू नये हा त्या बंधनांचा हेतू होता, तर आजच्या तरुणीने आकर्षक दिसावे असा आग्रह आहे. हेतू परस्परविरोधी असले तरी साधने तीच आहेत : अन्न आणि लज्जा.

बुलडाण्याचा आवाज :

या व्यवस्थेला थेट प्रश्न विचारणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्याच जिल्ह्यातील, बुलडाण्याच्या होत. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथे सरकारी नोकरीत होते व सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या १८८१ मधील खटल्याच्या निमित्ताने ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि १८८२ मध्ये ती पुण्यात छापली गेली. पती वारल्यावर स्त्रीला विद्रूप करणारा समाज पत्नी वारल्यावर पुरुषावर तसे बंधन का घालत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होय. पुस्तकावर टीका झाली. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. तथापि ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुनर्मुद्रण करेपर्यंत हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते.

समूहाचा आधार :

एकटीच्या शब्दाला जे साधले नाही, ते समूहांनी काही प्रमाणात साधले. रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी कर्वे यांच्या संस्थेसाठी आयुष्यभर काम केले आणि अनेक वर्षे केशवपन केल्यानंतर ते सोडून केस वाढविले. दरम्यान, १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातून प्रथा चालत होती त्यांनीच नकार दिला, हे या घटनेचे वेगळेपण आहे.

हीच परंपरा अलीकडेही दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले.

निष्कर्ष :

देहाचा स्वीकार ही केवळ वैयक्तिक मनोधैर्याची बाब नाही, असे या आढाव्यावरून म्हणता येईल. स्वतःला नाकारण्याची शिकवण समाज देतो, म्हणून स्वीकाराचे बळही समूहानेच द्यावे लागते. या दृष्टीने महाविद्यालय हा तालुक्यातील एक महत्त्वाचा समूह ठरतो. स्नेहसंमेलनातील प्रहसनात जाड मुलीची टिंगल खपवून न घेणे, महिला कक्षात हिमोग्लोबिन तपासणीबरोबरच पोटभर जेवण्याविषयी बोलणे, उपाशीपोटी तासाला येणाऱ्या विद्यार्थिनीची आस्थेने विचारपूस करणे, या गोष्टी प्राध्यापकांच्या आवाक्यातील आहेत. ताराबाईंच्या जिल्ह्यात पुन्हा कोणा मुलीला हा प्रश्न एकटीने विचारावा लागू नये, ही जबाबदारी आपली आहे.