गॉथ : रोमच्या वेशीपासून उजनीच्या पाण्यापर्यंत

#धागा

१/ बारामतीच्या एसटी स्थानकावर माझ्या काळ्या टी-शर्टवरील पांढऱ्या रेषा पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, ही कुठली डोंगररांग?" ती डोंगररांग नव्हे, ते एका मृत ताऱ्याचे ठोके आहेत. वसतिगृहात हाती आलेल्या एका कॅसेटपासून ज्या काळोख्या संगीताने मला धरून ठेवले, त्याचा हा इतिहास. यात मुंबई, खोडद आणि इंदापूरही येतात.

२/ गॉथ ही मुळात जर्मानिक टोळी. इ.स. ४१० मध्ये अलारिकच्या नेतृत्वाखाली व्हिसिगॉथांनी रोम लुटले. पुढे सोळाव्या शतकात इटलीतील वासारीने टोकदार कमानींच्या मध्ययुगीन वास्तुशैलीचे खापर याच गॉथांवर फोडले. त्या कॅथेड्रलांशी गॉथांचा वस्तुतः काहीही संबंध नव्हता. 'गॉथिक' हा शब्द रूढ झाला तो असा, शिवीसारखा.

३/ शिवीचे भूषण झाले इंग्लंडात. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' ही कादंबरी १७६४ मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिने स्वतःला 'गॉथिक कथा' म्हणवून घेतले. पडके वाडे, भुयारे, पूर्वजांची पापे. भग्नतेत रमणारी एक अभिरुचीच तयार झाली.

४/ ती मुंबईत कशी आली? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला; मागणी मुंबईकडे वळली आणि पैशाचा पूर आला. त्या तेजीत गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा राहिला (१८७८). त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. त्याच वर्षी आजच्या सीएसएमटीचे बांधकाम सुरू झाले.

५/ आता शंभर वर्षे पुढे या. ज्या मँचेस्टरच्या भुकेने मुंबईचे मनोरे उभे केले, तेथील गिरण्या बंद पडत होत्या. कामगारांच्या चाळवजा घरांच्या रांगा पाडून काँक्रीटच्या इमारती उभारल्या जात होत्या. शेजारच्या सॅलफर्डमध्ये वाढलेल्या बर्नार्ड सम्नरचे बालपणीचे घर असेच नाहीसे झाले. तो पुढे जॉय डिव्हिजनचा गिटारवादक झाला.

६/ १९७६ च्या पंकने आरडाओरडा केला. पोस्ट-पंकने त्या ओरडण्यानंतरची शांतता ऐकली. सूझी अँड द बॅन्शीज, जॉय डिव्हिजन, द क्युअर: राग तोच, पण आत वळलेला.

७/ हे संगीत ओळखावे कसे? बास गिटार मागे राहून ताल धरत नाही; तीच पुढे येऊन सुरावट वाजवते. ढोलाचा प्रत्येक आघात सुटा, रिकाम्या गोदामात पडल्यासारखा. निर्माता मार्टिन हॅनेटने डिजिटल डिले या यंत्राने ती पोकळी रचली. वर खर्जातला आवाज. अंतर हेच येथे जणू एक वाद्य आहे.

८/ जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स' जून १९७९ मध्ये आला. मुखपृष्ठावर त्या रेषा. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारचे स्पंद एकाखाली एक मांडलेले. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आजही पल्सार ऐकत असतात!

९/ त्याच वर्षी बीबीसीवर टोनी विल्सनने या बँडसाठी 'गॉथिक' हा शब्द वापरला. १८ मे १९८० रोजी गायक इयन कर्टिसने जीवन संपवले. वय २३. त्याला अपस्मार होता, नैराश्य होते. तरुण मित्रांनो, या मृत्यूभोवती फार धूप जाळला गेला आहे. आपण जाळू नये. तो आजारी मुलगा होता आणि त्याला मदत कमी पडली.

१०/ बाऊहाऊस या बँडने १९७९ मध्ये ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसीवर नऊ मिनिटांहून मोठे गाणे केले. जुलै १९८२ मध्ये लंडनला 'बॅटकेव्ह' क्लब उघडला आणि काळे कपडे, काजळ, विस्कटलेले केस यांची एक जमात झाली. त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणगावात दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला होता. मँचेस्टरची कहाणी आपल्याकडे पोहोचली होती.

११/ आणि इंदापूर? भीमेवरचे उजनी धरण जून १९८० मध्ये पूर्ण झाले. गावेच्या गावे पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर त्यांतलेच. कडक उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की ते वर येते. चिखलातून शिखर, मग खांब, मग ओटा. वॉलपोलला याहून गॉथिक दृश्य सुचले नसते.

१२/ एका उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेने आजीला म्हणालो, "चल, तुझं गाव वर आलंय, बघून येऊ." ती जागची हलली नाही. "उघडं पडलेलं गाव बघवत न्हाई रं. झाकलंय तेच बरं हाय." माझ्या खोलीतून गाणे ऐकू आले की हीच आजी विचारायची, "कुणाचं मयत झालंय का रं?"

१३/ त्या दिवशी मला दोन गॉथिक वेगळे दिसले. एक वॉलपोलचा: दुसऱ्याचे पडके घर पाहून सुखावणारा. दुसरा सम्नरचा: स्वतःचे घर पडल्यावर वाजवणारा. पहिला मी छायाचित्रांत जोपासला होता. दुसरा मी आयुष्यभर ऐकत होतो आणि तो आजीचा आहे हे मला कळले नव्हते.

१४/ आजीच्या प्रश्नाचे खरे उत्तर 'होय' असेच होते. मयत झाले होते: एका रस्त्याचे, एका गिरणीचे, एका गावाचे. बातमीत त्याची नोंद हेक्टरांत होते. रडायला सूर लागतो. आपल्या घरात धरणग्रस्त आजी-आजोबा असतील तर मंदिराचा फोटो काढण्याआधी त्यांच्याजवळ बसा. त्यांचे घर कोणत्या आळीत होते, ते विचारा आणि लिहून ठेवा. मी उशीर केला.