एका युआनचे मानक

चीनने 2002 साली एव्हीएस या देशी चित्र-ध्वनी मानकाचे काम सुरू केले, त्यामागे स्वाभिमानापेक्षा हिशेब मोठा होता. जगाला डीव्हीडी प्लेअर पुरवणाऱ्या तिथल्या कारखान्यांना एकट्या एमपीईजी-2 या चित्र-संक्षेपण मानकाच्या पेटंटपोटी त्या सुमारास यंत्रामागे अडीच डॉलर मोजावे लागत; इतर पेटंटधारकांचे देणे वेगळेच. स्वस्त मालावर जगणाऱ्या धंद्याचा नफा त्यातच जाई. म्हणून एव्हीएस घडवणाऱ्या गाओ वेन यांच्या गटाने तंत्राइतकाच शुल्काचा विचार केला आणि दर ठेवला यंत्रामागे एक युआन. माझ्या मते खरे नावीन्य तेच.

2006 मध्ये एव्हीएसला राष्ट्रीय मान्यता मिळाली, पण 2003 मध्येच आलेले एच.264 हे प्रतिस्पर्धी आंतरराष्ट्रीय मानक तोवर रुजू लागले होते. म्हणून सारा खटाटोप वाया गेला, हा आक्षेप अर्धाच खरा. दोन्हींचे मूळ तंत्र एकच: चौकटीचे तुकडे पाडायचे, आधीच्या चौकटीवरून पुढचीचा अंदाज बांधायचा, उरलेला फरक तेवढा साठवायचा. त्यामुळे निव्वळ गुणवत्तेवर बाजार जिंकणे अवघडच होते. देशी मानकाला हक्काचे गिऱ्हाईक लागते. ते चिनी सरकारी प्रसारणाने दिले. 2022 मध्ये डिजिटल प्रसारणाची मानके ठरवणाऱ्या युरोपच्या डीव्हीबी संस्थेनेही एव्हीएस-3 या तिसऱ्या पिढीला आपल्या मानकांत जागा दिली.