कायद्याच्या वाटेनं आलेला एकच पक्ष

6 मार्च 1957 रोजी गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला. सहाराच्या दक्षिणेकडच्या ब्रिटिश वसाहतींत हा मान त्याचा पहिला. पंतप्रधान होते क्वामे एन्क्रुमा. दहा वर्षांपूर्वी ते लंडनमध्ये होते. तिथून त्यांना बोलावून पक्षाचं सरचिटणीस करावं, असं सुचवलं अको अजेई यांनी आणि ते मानलं जे. बी. डांक्वा या नामांकित वकिलांच्या पक्षानं. 1948 मध्ये हे तिघंही इंग्रजांच्या कैदेत होते. पुढच्याच वर्षी एन्क्रुमांनी वेगळा पक्ष काढला आणि निवडणुका जिंकल्या.

एकपक्षीय राजवट म्हटलं की रणगाडे आठवतात. इथं रणगाडे नव्हते, संसदेचं बहुमत होतं. 1958 मध्ये कायदा झाला: खटला न चालवता पाच वर्षांपर्यंत स्थानबद्ध करता येईल. (आपल्याकडेही 1950 सालापासून प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा होता, हे विसरू नये.) 1961 मध्ये डांक्वांनी काही स्थानबद्धांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली. राज्यघटनेतल्या स्वातंत्र्याच्या घोषणा राष्ट्राध्यक्षांवर केवळ नैतिकदृष्ट्या बंधनकारक आहेत, असं म्हणत न्यायालयानं कायदा उचलून धरला. सरन्यायाधीश होते अर्कू कोर्सा.

एन्क्रुमांना भीती नव्हती असं नाही. 1962 मध्ये त्यांच्यावर बॉम्ब टाकला गेला. पण आरोपी केले गेले त्यांचेच सहकारी, अको अजेईसुद्धा! डिसेंबर 1963 मध्ये कोर्सांच्या न्यायालयानं अजेईंसह तिघांना निर्दोष सोडलं. एन्क्रुमांनी कोर्सांनाच बडतर्फ केलं, निकाल रद्द करवला.

महिन्याभरात सार्वमत झालं. देशात एकच पक्ष असावा, राष्ट्राध्यक्षांना न्यायाधीश काढता यावेत. कवीचं आकड्यांशी फारसं जमत नाही, पण हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही: सुमारे 27 लाख 73 हजार होकार आणि नकार अडीच हजारांच्या आत. एवढं एकमत आपल्या घरात चहात साखर किती यावर होत नाही.

याच माणसानं शाळा काढल्या, अकोसोंबोचं धरण उभारलं, हेही खरंच आहे.

डांक्वांना त्याच कायद्याखाली जानेवारी 1964 मध्ये पुन्हा पकडलं. 4 फेब्रुवारी 1965 रोजी न्सावामच्या तुरुंगात ते वारले. वर्षभरानं, 24 फेब्रुवारी 1966 रोजी, एन्क्रुमा परदेशी असताना लष्करानं सत्ता घेतली. देशातल्या एकुलत्या एक पक्षावर बंदी आली. स्थानबद्ध सुटले, अको अजेईही सुटले.