विमा-संकेतस्थळांची दिव्यांगसुलभता

विमा-संकेतस्थळांची दिव्यांगसुलभता : विमा कंपन्यांची संकेतस्थळे व मोबाइल अ‍ॅप दिव्यांग व्यक्तींना दुसऱ्याच्या मदतीविना वापरता येतील अशी त्यांची रचना. पॉलिसी निवडणे, ओळख पटवणे, हप्ता भरणे व दावा दाखल करणे हे चारही टप्पे तीत येतात. विम्यात दिव्यांगत्व हीच काही वेळा दाव्याची घटना असते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपये हप्त्यावर अपघातात दोन्ही डोळे गेल्यास २ लाख, तर एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. पॉलिसी घेताना डोळस असलेला माणूस दावा करतेवेळी अंध असू शकतो. म्हणून विक्रीच्या पानापेक्षा दाव्याचे पान सुलभ असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

मानके : डब्ल्यूसीएजी ही संकेतस्थळांच्या सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका (२.१ आवृत्ती, २०१८) आणि भारतीय मानक आयएस १७८०२ (दोन भाग, २०२१ व २०२२) ही प्रमुख. चित्राला पर्यायी मजकूर, फक्त कळफलकावर चालणारा अर्ज, मजकूर व पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ रंगविरोध (कॉन्ट्रास्ट), वेळमर्यादा वाढवण्याची सोय या त्यांतील काही अटी होत.

कायदा व न्यायनिर्णय : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेविषयी आहे; कलम ४६ ने खाजगी सेवादात्यांनाही सेवा सुलभ करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांची मुदत घातली. नियम १५ जून २०१७ रोजी आले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील नियम १५ (१) अधिनियमाशी विसंगत ठरवला. मानके केवळ शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक हवीत, असा निर्वाळा दिला.

१ जानेवारी २०२३ पासून नव्या विमा पॉलिसींना केवायसी (ग्राहकाची ओळख पटवणे) सक्तीची झाली. त्यामुळे केवायसीसंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून खटल्यातील निकाल विम्यालाही महत्त्वाचा आहे. अ‍ॅसिडहल्ल्यातील पीडितांना डोळ्यांची उघडझाप करता येत नसल्याने केवायसीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर ‘जिवंतपणा’ सिद्ध करणे अशक्य होत होते. सोबत ऐकलेली दुसरी याचिका दृष्टिहीन अर्जदाराची होती. न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग मानून २० निर्देश दिले. उघडझापेला पर्याय, अंगठ्याचा ठसा ग्राह्य धरणे, कागदोपत्री केवायसी चालू ठेवणे व ठरावीक काळाने सुलभता-तपासणी यांचा त्यांत समावेश आहे. अंमलबजावणी कितपत झाली याविषयी एकवाक्यता नाही.

मराठी मजकूर : एनव्हीडीएसारखे पडदावाचक (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) युनिकोड मराठी वाचतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या अटी मात्र रोमन अक्षरांच्या गोंधळासारख्या ऐकू येतात. स्कॅन केलेली पीडीएफ तर मुकीच राहते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नसल्यास आवाज हिंदी वा इंग्रजी वळणाचा निघतो. विम्याची रक्कम, टक्केवारी व अपवाद हे तक्त्यात असल्यास स्तंभांची शीर्षके नीट जोडलेली हवीत; नाहीतर नुसते आकडे ऐकू येतात, ते कशाचे हे कळत नाही.

कर्णबधिरांसाठी : चित्रफितींना उपशीर्षके, भारतीय सांकेतिक भाषा, दूरध्वनीऐवजी लेखी संवाद.

ग्रामीण उदाहरण – सावली परिसर : चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हा मूल–गडचिरोली मार्गावरील तालुका. येथे धान हे मुख्य पीक असल्याने विम्याशी अनेकांचा संबंध पीक विम्यातून येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने धानबांधीत पाणी साचणे व वन्यप्राण्यांनी केलेली नासाडी या जोखमी २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात घेण्याचे जाहीर केले. रानडुकरांचा उपद्रव असलेल्या या जंगलपट्ट्यात त्याला वजन आहे. परंतु नुकसानीची सूचना ७२ तासांत अ‍ॅपवर, स्थाननोंद असलेल्या छायाचित्रासह द्यायची आहे. दृष्टिहीन किंवा हात गमावलेल्या शेतकऱ्याला ते एकट्याने साधणे अवघड. अशा वेळी आधार असतो तो घरच्यांचा किंवा सेवा केंद्राचा. अर्ज त्यांच्याकडून भरून होतो. मात्र मोबाइलवर आलेला ओटीपी आणि बँक खात्याचा तपशीलही त्यांच्याच हाती द्यावा लागतो.