वस्तऱ्यावरील लेख व पोलादाची साक्ष

जुनीं दप्तरें, ताम्रपट व नाणीं यांच्या संग्राहकांस वस्तरा ही वस्तु संशोधनास अपात्र वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या अडीच शतकांतील विलायती घडीचा वस्तरा पाहिला, तर त्याच्या दांड्यावर व पात्यावर कारागिराचें नांव, गांव, क्वचित् राजचिन्ह आणि पोलादाची जात इतका मजकूर आढळतो. असे वस्तरे जमविण्याचा, त्यांस धार लावण्याचा व नवे घडविण्याचा छंद अलीकडे अनेक देशांत वाढला आहे. या छंदांत शिरणारापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो आपल्याच शास्त्रांतला : लेखावर विश्वास किती ठेवावा? प्रस्तुत लेखांत 'सिल्व्हर स्टील' म्हणजे रुपेरी पोलाद या एका शिक्क्याच्या आधारें त्याचा विचार केला आहे. कारण त्याचा मागोवा थेट मुंबईपर्यंत येऊन पोंचतो.

१. इ. स. १७९४ त मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे 'वूट्झ' नांवाच्या पोलादाचे नमुने पाठविले. कानडी 'उक्कु' याचेंच हें रूपांतर, असें सामान्यतः मानतात. १७९५ त जॉर्ज पीअरसन यांनीं त्यावर सोसायटीपुढें निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकांत हें पोलाद मुंबईस तयार होतें असें म्हटलें आहे. पण मुशींत वूट्झ गाळणाऱ्या प्रसिद्ध भट्ट्या म्हैसूर व तेलंगण प्रांतीं होत्या, मुंबई हें बंदर. माल जेथून गलबतावर चढला तेंच त्याचें जन्मस्थान समजण्याची ही चूक आपल्या परिचयाचीच आहे.

त्या परीक्षणांत भाग घेणारा लंडनचा शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यानें पुढें आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर हिंदुस्थानचें वूट्झ युरोपच्या उत्तम पोलादाहूनही आपणांस अधिक पसंत असल्याचें छापलें. त्याच्याच साहाय्यानें मायकेल फॅरडे यानें वूट्झचें अनुकरण करण्याचे व पोलादांत रुपें, प्लॅटिनम, ऱ्होडियम इत्यादि धातु मिसळण्याचे प्रयोग केले. त्यांचे निबंध १८२० व १८२२ त प्रसिद्ध झाले. रुपें अधिक घातल्यास पोलाद थंड होतांना तें कणरूपानें बाहेर पडे. पांचशें भागांस एक भाग इतकेंच तें पोलादांत टिके. स्टोडार्ट १८२३ त वारला. फॅरडेनें अशा मिश्र पोलादाचे वस्तरे आपल्या मित्रांस भेट दिले होते. त्याच्या पोलादाच्या ७९ तुकड्यांची एक पेटी पुढें सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं तपासली व १९३१ त त्यावर ग्रंथ लिहिला.

शेफील्डच्या कारखानदारांनीं हें नांव उचललें, आणि लौकरच तें केवळ पेठेंतलें बिरुद झालें. आजही इंग्लंडांत 'सिल्व्हर स्टील' या नांवानें विकली जाणारी चकचकीत सळई रुप्याविरहितच असते. तात्पर्य, हा शिक्का वस्तरा १८२० च्या सुमारानंतरचा आहे एवढेंच सांगतो. पात्यांत रुपें आहे असें सांगत नाहीं.

२. इतर शिक्क्यांसही हाच न्याय लावावा. 'डब्ल्यू. आर.' हीं अक्षरें मुकुटासह असल्यास चौथ्या विल्यमची कारकीर्द, १८३० ते १८३७, सूचित होते, 'व्ही. आर.' असल्यास १८३७ ते १९०१. अमेरिकेच्या १८९० च्या जकातीच्या कायद्यानें आयात मालावर देशाचें नांव घालणें भाग पडलें. म्हणून नुसतें 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असा शब्द बहुधा त्यानंतरचा. मात्र तो नाहीं म्हणून वस्तरा जुना, असें अनुमान काढूं नये.

३. लेखाहून घडण अधिक प्रामाणिक असते. अठराव्या शतकांतील वस्तऱ्यांस मागील शेपटी नसते किंवा आंखूड असते. पुढें ती लांबत गेली. जुनीं पातीं पाचरीसारखीं भरीव, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन्ही बाजूंनीं पोखरून पातळ केलेलीं पातीं प्रचारांत आलीं. शिंग, हस्तिदंत वा कांसवाची पाठ यांची मूठ जुनी असूं शकते. सेल्युलॉइडची मूठ १८७० च्या सुमाराच्या पूर्वींची नव्हे. पण पोथीची बांधणी जशी नवी असूं शकते, तशी मूठही बदललेली असूं शकते. म्हणून खिळे पाहावे.

४. आतां मुख्य मुद्दा. वस्तऱ्याला धार लावतांना पाठ व धार हीं दोन्ही एकाच वेळीं दगडावर टेकतात. म्हणून धारेचा कोन पाठीच्या जाडीवरून ठरतो. दगडावर धार पुढें ठेवून पातें सरकवितात, चामड्याच्या पट्ट्यावर उलट पाठ पुढें ठेवतात. बेल्जमच्या आर्डेन प्रदेशांतील पिवळा निसणा यासाठीं नांवाजलेला आहे. त्यांतील गार्नेटचे सूक्ष्म कण पोलाद झिजवितात. या रीतीमुळें पाठीवर एक सपाट पट्टा उमटतो, आणि वस्तरा किती वापरला गेला हें तो पट्टाच सांगतो. नवा छांदिष्ट तांबेऱ्यासह काळपट छटा घासून काढतो, चाकावर झिलई देतो. वस्तरा चकाकतो, पण पात्यावरील पुसट अक्षरें व ही झीज दोन्ही नाहींशीं होतात. जीर्ण अक्षरांवर नवी शाई फिरविणाऱ्याहून त्याचें कृत्य निराळें नाहीं.

५. म्हणून ज्यास धार लावण्यास शिकावयाचें त्यानें सामान्य, लेखहीन पातें घ्यावें. ज्यास घडवावयाचें त्यानें शेंकडा एकाच्या सुमारास कार्बन असलेलें पोलाद लाल तापवून तेलांत विझवावें, मग फिकट पिवळा रंग चढेपर्यंत पुन्हां मंद तापवावें, म्हणजे ठिसूळपणा जातो. आणि आपलें नांव व साल त्यावर स्पष्ट कोरावें. दुर्मिळ वस्तऱ्यास मात्र दगड लावूं नये. कोरडें पुसून, तेलाचा हलका हात देऊन, तो जसा मिळाला तसा नोंदवावा : शिक्के, लांबी, पाठीची झीज, मुठीचे खिळे. मुंबईहून गेलेल्या त्या पोलादाचें एखादें पातें कोठें उरलें असेल, तर तें शिक्क्यावरून नव्हे, धातूवरूनच ओळखूं येईल. आणि तोंवर तें घासलें गेलें नसावें, एवढेंच संग्राहकांच्या हातीं आहे.