दंतवैद्याची सनद आणि तिचें नूतनीकरण

1948 च्या मार्च महिन्यांत सांगली, मिरज, औंध, फलटण इत्यादि संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं, ही गोष्ट सुविद्य श्रोत्यांस ठाऊक आहेच. त्याच महिन्याच्या 29 तारखेस दंतवैद्यांचा कायदा संमत झाला, हें मात्र फारच थोड्यांच्या स्मरणांत असेल. तत्पूर्वीं दांत काढण्याचा अधिकार कोणास आहे व कोणास नाहीं, हें सांगणारा सर्व देशास लागू असा निर्बंध नव्हता. डॉ. वानलेस यांच्या 1894 सालीं उघडलेल्या इस्पितळामुळें मिरजेची कीर्ति दूरवर पसरली होती खरी. परंतु दाढ दुखूं लागली म्हणजे सामान्य माणूस आधीं लवंगेच्या तेलाकडे आणि मग जत्रेंतील वैदूकडेच वळे. शास्त्रोक्त शिक्षणाचीं केंद्रें दूर होतीं. कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं 1920 सालीं महाविद्यालय काढलें. मुंबईचें नायर दंतमहाविद्यालय निघालें तें 1933 सालीं.

कायदा करणारांपुढें पेंच होता. केवळ पदवीधरांसच सनद द्यावी, तर जिल्हेच्या जिल्हे दंतवैद्याविना राहणार. सर्वांस द्यावी, तर कायदा करण्यांत अर्थ काय? म्हणून नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागांत पदवीधर. आणि 'ब' भागांत, पदवी नसतांही किमान पांच वर्षें ज्यांचा चरितार्थ मुख्यत्वें याच धंद्यावर चालला होता ते. गुरूच्या हाताखालीं शिकलेल्या माणसाच्या अनुभवाची ही कदर होती, आणि ती न्याय्यच होती. परंतु एकदां नांव नोंदलें गेलें कीं पुढें कायदा एकच प्रश्न विचारी: वार्षिक फी भरली काय? न भरल्यास नांव कमी होई, भरल्यास पुन्हां चढे. मधल्या काळांत त्या गृहस्थानें एखादें नवें पुस्तक उघडलें होतें कीं नाहीं, याची चौकशी पदवीधराचीही होत नसे आणि बिनपदवीधराचीही होत नसे.

इकडे विद्या मात्र थांबली नव्हती. 1949 सालीं दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला (1960 पासून तोच सांगली जिल्हा); पायानें चालविण्याचें दांत कोरण्याचें यंत्र तोंवर इतिहासजमा झालें नव्हतें. 1957 मध्यें हवेच्या झोतावर फिरणारें अतिवेगवान यंत्र बाजारांत आलें. पुढें काविळीचा एक प्रकार रक्तावाटें पसरतो हें सिद्ध झालें, आणि 1980 नंतर एड्सनें सर्व जगास हादरा दिला. तेव्हां हातमोजे घालणें व उपकरणें दाबाखालील वाफेंत निर्जंतुक करणें अपरिहार्य ठरलें. उपकरण नुसतें उकळत्या पाण्यांतून काढणाऱ्या 1949 च्या दंतवैद्याच्या सनदेस तरीही कसलाच धोका नव्हता. दोष कळणार तरी कोणास? खुर्चींत बसलेल्या रोग्यास स्वतःच्या तोंडांत काय चाललें आहे तें दिसतही नाहीं.

अमेरिकेंत मिनेसोटा संस्थानानें 1969 सालींच, सनद राखावयाची तर अभ्यास चालूं ठेवावा, असा दंडक दंतवैद्यांस घातला. आपल्याकडे भारतीय दंतपरिषदेनें तसे विनियम करावयास एकविसावें शतक उजाडलें. पांच वर्षांच्या अवधींत व्याख्यानें, परिषदा व कार्यशाळा यांस उपस्थित राहून ठराविक गुण मिळवावयाचे, अशी ती योजना. कराड व सांगली येथेंही दंतमहाविद्यालयें निघालीं असल्यामुळें दर वेळीं मुंबईची वाट धरण्याचें कारण उरलें नाहीं.

गुण मोजावयाचे ते उपस्थितीचे. हाताचें कसब त्यांत मोजलें जात नाहीं, ही उणीव कोणीही मान्य करील. शिवाय हा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. सांगली शहरांतील दंतवैद्य सायंकाळीं व्याख्यान ऐकून घरीं परततो. जत किंवा आटपाडीस एकट्यानें दवाखाना चालविणाऱ्यास त्याच व्याख्यानासाठीं दिवसभर दार बंद ठेवावें लागतें, आणि सुजलेला गाल घेऊन आलेला रोगी कुलूप पाहून माघारी जातो.